घरच्याच माणसाला फोन करायच्या आधी मेसेज टाकून विचारायचं का? तुमच्याकडे काय पद्धत आहे?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. विषय तसा घरगुती आहे पण गेले पंधरा दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय, जरा मोठं झालं तर सांभाळून घ्या.

माझी आई ७५ वर्षांची, माझ्याकडेच असते नाशिकला, इंदिरानगरात. माझी भाची पुण्यात, तिचं घरून काम चालतं. पंधरा दिवसांपूर्वी मंगळवारी सकाळी साडेनऊला आईने तिला व्हिडिओ कॉल लावला, कारण काय तर बाल्कनीतल्या अनंताला या वर्षीचं पहिलं फूल आलं होतं आणि ते नातीला दाखवायचं होतं. भाचीने फोन कट केला आणि लगेच मेसेज आला, "आजी मीटिंग सुरू आहे, प्लीज आधी मेसेज करत जा ना." बस एवढंच. शब्द वाईट नाहीत, पोरगी पण वाईट नाही, जीव आहे तिचा आजीवर. पण आईने तो मेसेज दोनदा वाचला, चष्मा काढून ठेवला आणि फोन उशीखाली सारला. तेव्हापासून तिने त्या पोरीला एकदाही फोन केलेला नाही. मी विचारलं तर म्हणते "तिला वेळ असेल तेव्हा करेल ती. मी काय आता अर्ज करून बोलू का नातीशी?"

मला दोघींचं पटतं म्हणून जास्त त्रास होतोय. मी स्वतः ऑफिसात असताना कोणी अचानक व्हिडिओ कॉल केला की मला आवडत नाही, केस विंचरलेले नसतात, समोर साहेब बसलेला असतो. पण आईला हे कसं सांगायचं ते कळत नाही, कारण तिच्या डोक्यात फोन म्हणजे वेगळंच काहीतरी आहे.

आम्ही लहानपणी पंचवटीत काळाराम मंदिराच्या मागच्या बाजूला वाड्यात राहायचो, १९८५-८६ चा काळ. अख्ख्या वाड्यात फोन एकच, वरच्या मजल्यावर घरमालकांकडे. काळा, जड, डायलला बारकं कुलूप, खाली क्रोशाचा रुमाल. आमच्या लग्नपत्रिकांवर सुद्धा त्यांचाच नंबर छापलेला असायचा, पुढे पी.पी. लिहून. मालेगावहून मावशीचा फोन आला की काकू गॅलरीत येऊन हाक मारायच्या, "ओ वहिनीऽऽ मालेगाव! दहा मिनिटांनी परत करतेय म्हणाली!" की आई हातातलं टाकून, पदराला हात पुसत जिना चढायची. चपला दाराबाहेर. काकू बस म्हणाल्या तरी ती कधीच बसली नाही, उभ्यानेच बोलायची आणि आवाज एकदम हळू, जसं काही मंदिरात आहोत. मी तिच्या साडीचं टोक धरून उभी असायचे आणि रिसीव्हरमधून मावशीचा आवाज मुंगीएवढा यायचा तो ऐकायचे. दिवाळीत फराळाचं पहिलं ताट काकूंकडे जायचं, ते त्या फोनचंच.

तर ज्या बाईने बहिणीचा आवाज ऐकायला दहा मिनिटं जिन्यात उभं राहून काढली, तिला "आधी मेसेज करत जा" हे कसं वाटलं असेल ते मला कळतं. तुमच्या घरात हे कसं करता? विचारून फोन करणं हा परकेपणा आहे की आता हीच रीत समजायची?

ट्रंकबोर्ड

ताई, तुमचं वाचून मला लिहावंच लागलं. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली ऑपरेटर आहे, उमेदीची वर्षं ट्रंक बोर्डावर, म्हणजे बाहेरगावचे फोन हाताने जोडून देण्यात गेली.

तुमच्या आईंना एक गोष्ट सांगा. तेव्हा पण विचारूनच फोन व्हायचा, फक्त विचारायचं काम आम्ही करायचो. ट्रंक कॉल आधी बुक करावा लागायचा, त्यात ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार असत, लाइटनिंगला आठपट पैसे पडायचे त्यामुळे तो सहसा मयतीला नाहीतर फार मोठ्या व्यवहारालाच लागायचा. आणि त्यात पी.पी. कॉल म्हणून एक असायचा, म्हणजे ठराविक माणसालाच जोडून द्यायचा कॉल. तो आला की आम्ही समोरच्या गावाला विचारायचो, अमुक अमुक आहेत का, बोलू शकतील का, मग तो माणूस लाईनवर आला की इकडच्याला म्हणायचं "बोला, पार्टी लाईनवर आहे". माणूस नसेल तर कॉल जोडायचाच नाही. हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हटलं असेन, अजून झोपेत म्हणते असं घरचे सांगतात.

आणि तुमच्या वाड्यात तेच काम त्या घरमालकीण काकू करत होत्या की. मावशींनी फोन केला, काकूंनी हाक मारली, दहा मिनिटं दिली, आई हात पुसून, पदर सारखा करून वर आल्या. म्हणजे आईंना तयार व्हायला वेळ मिळत होता! आजच्या नातीला तेवढाच वेळ हवा आहे. मध्ये कोणी माणूस राहिला नाही म्हणून तिला ते स्वतः सांगावं लागलं आणि लिहून सांगितलं की शब्द कोरडे होतात, हाक मारण्यातला गोडवा त्यात येत नाही.

एसटीडी आपल्या देशात १९६० साली कानपूर-लखनौपासून सुरू झालं, पुढे हळूहळू गावोगाव आलं. थेट नंबर फिरवायला लागले लोक आणि आमचं बोर्ड रिकामं होत गेलं. सगळ्यांना सोय झाली, मलाही आनंदच झाला, मी माझ्या माहेरी थेट बोलायला लागले. पण तेव्हा सुद्धा आम्हा बायकांमध्ये बोलणं व्हायचं की आता समोरचा जेवतोय की झोपलाय हे कोण बघणार.

अंबड_नाईटशिफ्ट

मी भाचीच्या बाजूने.

अंबडला कंपनीत आहे, महिन्यातले पंधरा दिवस नाईट. सकाळी साडेसातला घरी, आंघोळ, नाष्टा, नऊला झोप. आणि बरोब्बर अकराला कोणाचा तरी फोन. काका, आत्या, शाळेतला मित्र, सोसायटीचा सेक्रेटरी. नाही उचलला तर परत. परत नाही उचलला तर बायकोला फोन, "तो फोन का उचलत नाहीये बरा आहे ना". एकदा वडिलांनी मेसेज टाकला, "अर्जंट फोन कर", एवढाच. मी झोपेतून उठून बघितला, हात थरथरत होते अक्षरशः, मागच्या वर्षीच त्यांची एन्जिओप्लास्टी झालीये. फोन केला तर म्हणे गॅसचं बुकिंग करायचंय, ओटीपी येत नाहीये. मला रागावता पण येईना, रडूच आलं भो.

तेव्हापासून घरात एक नियम केलाय आणि तो सगळ्यांनी पाळला, वडिलांनी पण. मेसेज करायचा तर त्याच मेसेजमध्ये विषय लिहायचा. "सिलेंडरचं बुकिंग करून दे, घाई नाही." संपलं. "हाय", "आहेस का", "एक काम होतं" असं टाकून गप्प बसायचं नाही, समोरचा दिवसभर विचार करत बसतो काय काम असेल. मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो, त्या एका "हाय" चा.

आणि फोनमध्ये एक सोय आहे ती सगळ्यांनी लावून घ्या. डू नॉट डिस्टर्ब लावलं तरी निवडलेले चार नंबर वाजू देता येतात, आणि तोच नंबर लागोपाठ दुसऱ्यांदा आला तर वाजू दे असं पण सेटिंग असतं. मी आई-वडील, बायको आणि पोराची शाळा असे नंबर ठेवलेत. घरात सांगून ठेवलंय, खरंच काही झालं असेल तर दोनदा लावा, मी उठणार. त्यामुळे मी शांत झोपतो आणि ते पण निर्धास्त असतात. भाचीला सांगा आजीचा नंबर तसा ठेव म्हणून.

प्रेसवाल्याचा_मुलगा

ताई तुमचा प्रश्न फोनचा आहे पण मला जे लिहायचंय ते थोडं वेगळं आहे, तरी इथेच लिहितो कारण मुद्दा तोच येतो, समोरच्याला तयार व्हायला वेळ द्यायचा की नाही.

आमचे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. बाहेरगावच्यांना प्रेस म्हणलं की वर्तमानपत्र वाटतं, आपल्याकडे प्रेस म्हणजे प्रेस. देशाची पोस्टाची तिकिटं इथे १९२६ पासून छापली जातात, वडिलांना त्याचा फार अभिमान. त्यामुळे आमच्या घरी पत्राचं फार होतं. वडील आम्हा दोघा भावंडांना बसवून पत्र लिहायला शिकवायचे. वर श्री, उजवीकडे गाव आणि तारीख, मोठ्यांना ती., बरोबरीच्यांना स. न. वि. वि., आणि मजकुरात आधी "इकडील सर्व क्षेम" लिहायचं मग बाकीचं, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव आधी भांड्यात पडतो. हे त्यांचं वाक्य आहे, मी सातवीत होतो तेव्हा सांगितलेलं.

आणि मयतीचं कार्ड यायचं त्याचा कोपरा फाडलेला असायचा. जुन्या लोकांना माहिती असेल. पोस्टमन हातात देताना हळूच द्यायचा. तो फाटका कोपरा दिसला की आई आधी खाली बसायची, मग वडिलांना म्हणायची वाचा. ते कार्ड घरात ठेवायचं नाही, वाचून झालं की फाडून टाकायचं. लहानपणी मला त्या कोपऱ्याची भीती वाटायची. आता वाटतं की ज्याने कोणी ही रीत काढली त्याने किती विचार केला होता. मजकुराच्या आधी कोपरा बोलायचा, सावध हो, बस, मग वाच.

वडील २०२१ च्या मे मध्ये गेले. तो काळ कसा होता सगळ्यांना आठवत असेल. मी हॉस्पिटलच्या बाहेर होतो, कागदपत्रं चालली होती. बहीण सुरतला. तिला कसं सांगायचं म्हणून मी आधी मेव्हण्यांना फोन लावत होतो की ते घरी आहेत का, तिच्या जवळ आहेत का, तो लागत नव्हता. तेवढ्यात आमच्या नात्यातल्याच एकाने घरच्या ग्रुपवर टाकलं. वडिलांचा फोटो, दोन पणत्या, भावपूर्ण श्रद्धांजली. कुठल्यातरी लग्नातला फोटो होता, फेटा बांधलेला. बहिणीने तो वाण्याच्या दुकानात रांगेत उभी असताना बघितला. वर एक सुप्रभात, खाली कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, आणि मध्ये तिचे वडील.

ती आजपर्यंत मला विचारते की दादा तू मला का नाही सांगितलंस. मी काय उत्तर देऊ. ज्यांनी टाकलं त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मला माहिती आहे, चारचौघांना कळवावं एवढंच त्यांच्या मनात होतं. पण कृपा करून सगळ्यांना हात जोडून सांगतो, कोणाच्याही घरी असं काही झालं तर घरच्यांनी स्वतः टाकेपर्यंत ग्रुपवर टाकू नका. पोरांना, लेकींना आधी कळू द्या. पाच-सहा तास उशीर झाला तर काहीही बिघडत नाही.

ट्रंकबोर्ड

दादा, वाचून डोळे भरून आले. कोपरा फाडलेलं कार्ड आमच्याकडेही यायचं. रात्रीचा ट्रंक असाच, बोर्डावर रात्री दोनला दिवा लागला की आम्हालाच आधी धस्स व्हायचं, आणि जोडून देताना आवाज आपोआप खाली यायचा. बहिणीला तुमचं हे लिहिलेलं दाखवा, तुम्ही मेव्हण्यांना फोन लावत होतात ते तिला वाचू दे.

सराफबाजार

मी थोडं फॉरवर्डबद्दल बोलतो, प्रेसवाले दादांनी विषय काढलाच आहे तर.

आमचं दुकान सराफ बाजारात, आजोबांपासूनचं. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की आमच्याकडे पाणी शिरतं, २००८, २०१६, २०१९ तिन्ही वेळा शिरलं. नाशिकच्या माणसाला सांगायला नको, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला त्यावरून आम्ही ठरवतो माल वर चढवायचा की नाही. कमरेला पाणी असेल तर बघत राहायचं, छातीला आलं की हलायचं. वडील अजून तसंच करतात, धरणातून किती क्युसेक सोडलं ते मी त्यांना सांगतो तरी स्वतः जाऊन मारुती बघून येतात.

२०१९ नंतरच्याच एका पावसाळ्यात रात्री साडेदहाला ग्रुपवर व्हिडिओ आला, सराफ बाजारात पाणी, दुकानांच्या पायऱ्या बुडालेल्या, खाली लिहिलेलं "आत्ताचं दृश्य, सगळ्यांना पाठवा". मी बाहेरगावी होतो. वडील ७४ वर्षांचे, गुडघे दुखतात, भर पावसात रिक्षा करून दुकानात गेले. तिथे रस्ता नुसता ओला होता, बाकी काही नाही. व्हिडिओ २०१६ चा होता. मी नंतर नीट बघितला तर त्यात आमचंच शटर दिसत होतं, हिरवं. आम्ही ते २०१७ च्या दिवाळीत राखाडी केलंय.

वडिलांना स्वतःचं शटर ओळखू आलं नाही कारण घाबरलेला माणूस बघत नसतो. ज्याने पाठवलं त्याला मी फोन करून नीट सांगितलं, तो म्हणाला काळजीपोटी पाठवला. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तसं लिहून येतं, २०१८ पासून येतं, ते वाचा एवढीच विनंती आहे. आणि व्हिडिओ आला की जो माणूस त्या गल्लीत राहतो त्याला आधी विचारा. नाशिक एवढं मोठं झालं नाहीये अजून की सराफ बाजारातला एक ओळखीचा माणूस सापडणार नाही.

सिडकोकर_आजोबा

सगळ्यांचं वाचलं. सगळ्यांचं बरोबर आहे. पण मला माझी बाजू मांडू द्या.

मी ७८ वर्षांचा. सिडकोत एकटाच राहतो, सौ. चार वर्षांपूर्वी गेली. एक मुलगा कॅनडात, एक बेंगळुरूला. दोघं गुणी आहेत. पण हल्ली दोघं आधी मेसेज करतात, "बाबा बोलू का?" माझा फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात असतो, मी हॉलमध्ये. मेसेजचा टिंग आवाज मला ऐकू येत नाही. दोन तासांनी बघतो तेव्हा कॅनडातल्या मुलाकडे रात्रीचे बारा वाजलेले असतात. मग मी "झोप आता, उद्या बोलू" लिहितो. उद्या पण तसंच होतं. मागच्या महिन्यात असे नऊ दिवस गेले, मी कॅलेंडरवर खूण करतो.

मला कोणी विचारायची गरज नाही हो. मी जेवत असेन, झोपलेला असेन, संडासात असेन, फोन वाजू द्या. वाजला की घरात कोणीतरी आल्यासारखं वाटतं. मी धावत येईन. नाही उचलला तर परत लावा. तुम्ही तरुण लोक एकच नियम सगळ्यांना लावता. ज्याला काम आहे त्याला विचारा, बरोबरच आहे. माझ्यासारख्याला विचारत बसू नका.

ताई, तुमच्या आईंना म्हणावं नातीवर रागावू नका. पण नातीलाही सांगा, मेसेज करून वेळ मागितलीस तर ती वेळ पाळायची. "नंतर करते" म्हणून नंतर न करणं, याने माणूस जास्त खचतो.

अंबड_नाईटशिफ्ट

आजोबा, तुमचं एकदम बरोबर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आजच वडिलांना विचारतो त्यांना काय आवडतं ते. आणि मुलांना हेच सांगा जे इथे लिहिलंय, त्यांना वाटत असेल बाबांना डिस्टर्ब होईल. मेसेजचा आवाज मोठा करता येतो, त्या दोघांच्या नंबरला वेगळी मोठी रिंग लावता येते. मी पाथर्डी फाट्याला राहतो, सिडको जवळच आहे, इथेच निरोप टाका, रविवारी येऊन लावून देतो.

गोदाकाठची

सगळ्यांचे खूप आभार, काय लिहू कळत नाही. प्रेसवाले दादा, तुमचं मी आईला वाचून दाखवलं नाही, मला वाचवेना, पण मी स्वतः आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर ती विनंती टाकली. दोन आत्यांनी फोन करून सांगितलं बरं केलंस.

काय झालं ते सांगते. आईला मी ट्रंकबोर्ड ताईंचं वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हो की, काकू नसत्या तर मी केस पिंजारलेलेच गेले असते फोनवर." मग एकदम काकूंची आठवण निघाली, संक्रांतीला त्या तिळगूळ द्यायला यायच्या तेव्हा निम्मा वेळ फोनच्या बिलावरच बोलायच्या, ते सगळं. आईला माहितीच नव्हतं की ट्रंकच्या पी.पी. कॉलमध्ये पण असं विचारत असत, तिला वाटायचं नुसता नंबर फिरवायचा.

भाचीला मी आजोबांचा शेवटचा परिच्छेद पाठवला, बाकी काही लिहिलं नाही. तिचा रात्री फोन आला, मलाच आला, रडत होती. म्हणाली मावशी मी त्या दिवशी मीटिंगनंतर करणार होते मग राहूनच गेलं आणि नंतर लाज वाटायला लागली म्हणून केला नाही.

आईला लिहिता येतं पण मोबाईलवर टाईप करताना तिची बोटं दोन-दोन अक्षरांवर पडतात म्हणून तिला मी आवाजाचा मेसेज पाठवायला शिकवलं. ते माइकचं चित्र दाबून धरायचं आणि बोलायचं. तीन वेळा चुकलं, बोट आधीच सुटायचं. आज सकाळी अनंताला दुसरं फूल आलंय. आईने बाल्कनीत उभं राहून फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाली, "अगं आहेस का? काम चालू असेल तर राहू दे. फूल आलंय." बोट काढलं आणि ओट्याजवळ जाऊन कणीक मळायला घेतली.

पाच मिनिटांत उत्तर आलं, तेही आवाजातच. "दहा मिनिटांनी करते आजी, थांब हं."

आईने हात धुतले, पदराला पुसले आणि बाल्कनीत कुंडीपाशी जाऊन उभी राहिली. मी खुर्ची देत होते, बसली नाही.